मेणाची अकरा पुडकी

मलम वाहतं असं सांगितलं की लोक हसतात. पाणी वाहतं, तेल वाहतं, सर्दी झाली की नाक वाहतं. मलमाची डबी उपडी धरली तरी ते जागचं हलत नाही. माझ्या सासूबाईही हसल्या होत्या. "एम.एस्सी. होऊन दिवसभर मलम वाहतंय का ते बघत बसतेस होय गं?" मी हो म्हटलं. मुलुंडच्या एका औषधांच्या कारखान्यात, तपासणीच्या प्रयोगशाळेत, नोकरीची बहुतेक वर्षं मी तेच केलं.

बाहेरच्या माणसाला हे काम समजावून सांगायचं तर असं सांगते. मलम चार वेळा वाहावं लागतं. मोठ्या भांड्यातून भरणीच्या यंत्राकडे, यंत्रातून ट्यूबमध्ये, ट्यूबमधून बोटावर आणि बोटावरून कातडीवर. या चार वेळा सोडल्या तर त्यानं अजिबात वाहता कामा नये. दुकानाच्या फळीवर दोन उन्हाळे काढायचे, मालगाडीत हिंदकळायचं, तरी तेल सुटता कामा नये आणि औषध तळाशी बसता कामा नये. म्हणजे जोर लावला की सैल व्हायचं आणि सोडून दिलं की पुन्हा घट्ट व्हायचं. मलमात मेण असतं, पातळ आणि घट्ट पॅराफिन असतं, लोकरीतून काढलेली चरबी असते. हे सगळं गरम असताना एकजीव होतं आणि निवताना त्याची आतल्या आत एक बारीक वीण तयार होते. ती वीण म्हणजेच मलमाचा घट्टपणा. कढवलेलं तूप न हलवता निवू दिलं तर रवाळ होतं, सारखं डाव घालून हलवलं तर तसं होत नाही, हे घरात सगळ्या बायकांना ठाऊक असतं. मलाही ठाऊक होतं. प्रयोगशाळेत पांढरा कोट घातला की मी ते विसरत असे.

आमच्या मलम विभागात सावंत नावाचे एक गृहस्थ होते. सगळे त्यांना मामा म्हणत. मूळचे कणकवलीकडचे. वडील गिरणीत होते. मामांनी गिरणीऐवजी हा कारखाना धरला आणि भांडी धुण्यापासून सुरुवात करून मलम विभागाचे मुख्य कामगार झाले. नाहूरला चाळीतल्या एका खोलीत नवराबायको राहत. मराठी चौथीपर्यंत शाळा झालेली. अक्षर मात्र वळणदार, आणि लिहायला नेहमी निळी पेन्सिल, ती कानावर अडकवलेली असे.

मामांची मलम तपासायची रीत होती ती अशी: लांब पात्याची सुरी भांड्यात बुडवायची, वर काढायची आणि आडवी धरून मनातल्या मनात काहीतरी मोजायचं. मग पात्यावरचं थोडं मलम डाव्या हाताच्या पालथ्या बाजूला लावून एकदाच बोट फिरवायचं. "झाला," म्हणायचे, नाहीतर "नाय झाला." मलम तयार झालं की त्यावर स्वच्छ मलमलीचं फडकं बांधायचे आणि सकाळपर्यंत कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. भांड्याशेजारून ढकलगाडी नेली तरी ओरडायचे, "अरे, बसू दे ना त्याला!" त्यांना ती वीण बसताना दिसत असावी.

मी नोकरीला लागले त्याच वर्षीची एक गोष्ट आहे. आम्ही बाहेरच्या लोकांनाही क्रीम बनवून देत असू. अंधेरीच्या एक बाई स्वतःच्या नावानं कोल्ड क्रीम विकत. अत्तराचा वास, हातात छत्री, आणि स्वभाव फटकळ. दुपारी ताजं क्रीम बघायला आल्या, बरणीत बोट घातलं आणि म्हणाल्या, "हे काय? याला टोकच येत नाही. बोट काढल्यावर मागे टोक उभं राहायला हवं. ही खीर झाली. मी खीर विकू?" आमच्या साहेबांनी, म्हणजे कारखान्याच्या मॅनेजरांनी, मामांना बोलावलं. मामा म्हणाले, "उद्या या मॅडम. करून ठेवतो." दुसऱ्या दिवशी सकाळी बाई आल्या, बोट घातलं, टोक उभं राहिलं. खूश झाल्या. त्या गेल्यावर मी विचारलं, "मामा, काय घातलंत त्यात?"

"एक रात घातली, बाय," मामा म्हणाले.

मी पुष्कळ हसले. घरी येऊन नवऱ्यालाही सांगितलं. त्यात शिकण्यासारखं काही आहे असं मला वाटलं नाही.

मग यंत्र आलं. व्हिस्कोमीटर. एका दांडीला लावलेली चकती मलमात बुडवायची, ती फिरू लागते, आणि फिरताना तिला किती अडथळा होतो तो आकडा काट्यावर वाचायचा. घट्ट मलमाचा आकडा मोठा, पातळाचा लहान. साहेब या यंत्रासाठी दोन वर्षं खटपट करत होते. त्यांना मामांच्या सुरीची लाज वाटायची. "परदेशातून कोणी बघायला आलं आणि विचारलं, मलम तपासता कसं, तर काय सांगू? सावंतांच्या हाताला लावून?" त्यांचं म्हणणं चूक नव्हतं. मामा उद्या नसले तर, हा प्रश्न खरा होता.

यंत्र माझ्याकडे सोपवण्यात आलं. प्रयोगशाळेत आम्ही जुन्या बॅचच्या राखून ठेवलेल्या बरण्या काढल्या, त्यांचे आकडे घेतले, आणि त्यावरून चांगल्या मलमाचा आकडा इथून इथपर्यंत असावा अशी मर्यादा ठरवली. इसबाच्या आमच्या पांढऱ्या मलमाला ती पहिली लागू झाली. त्या बरण्या कपाटात महिनोन्‌महिने स्वस्थ बसलेल्या होत्या, हे माझ्या लक्षात आलं नाही. दुसरी गोष्ट अशी की ताज्या मलमाचा नमुना स्टीलच्या पेल्यातून जिना चढून येई तेव्हा त्यात हवेचे बुडबुडे असत. बुडबुड्यांनी आकडा चुकतो, असं यंत्राबरोबरच्या पुस्तकात लिहिलं होतं. म्हणून मी काचेच्या कांडीनं नमुना चांगला ढवळून घेत असे, गोल गोल, मिनिट-दोन मिनिटं. मग चकती बुडवत असे. स्वच्छ काम करत असल्याचं समाधान मला त्यात मिळायचं.

पहिल्याच ताज्या बॅचचा आकडा मर्यादेच्या खाली आला. पातळ. साहेबांशी बोलून मी दुरुस्तीची चिठ्ठी लिहिली: भांडं पुन्हा गरम करून त्यात दीड किलो मेण वितळवून घालावं, आणि सकाळी नवा नमुना पाठवावा. चिठ्ठी घेऊन मामा स्वतः वर आले.

"बाय, ह्यां कित्याक?"

"आकडा कमी आलाय मामा."

"मलम चांगला आसा. मी बघितलंय ना."

"तुम्ही हाताला लावून बघता. हे मशीन आहे."

"मशीन आकडो सांगता. सकाळचां मलम आणि सांजचां मलम एक नसता, बाय. सकाळी बघा. आता कशाला त्याला त्रास देता?"

"नियम आहे मामा. तयार झालं की लगेच नमुना."

त्यांनी चिठ्ठी परत वाचली. "मेण घातलं तर पुढच्या महिन्यात दगड होतलो," म्हणाले. मग खाली गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी नमुना आला तो पेला काठोकाठ भरून, एकही बुडबुडा नसलेला. ढवळायची गरज पडली नाही. आकडा बरोबर मर्यादेच्या मध्यावर. बॅच कार्डावर 'दीड किलो मेण घातले' या ओळीसमोर मामांची वळणदार सही. मी साहेबांना आकडा दाखवला. ते म्हणाले, "बघा, झाली की नाही सुधारणा?"

असं अकरा वेळा झालं. संध्याकाळी कमी, सकाळी बरोबर. मधे दीड किलो मेण. माझ्या वहीत प्रत्येक बॅचचे दोन आकडे शेजारी शेजारी लिहिलेले होते आणि मला त्यात माझ्या चिठ्ठीचा प्रताप दिसत होता. मामा जिन्यात भेटले तर हसून बाजूला होत. त्या हसण्याचा अर्थ, मला वाटलं, त्यांनी यंत्रापुढे हात टेकले असा आहे.

त्या वर्षी सरकारी तपासणी व्हायची होती. त्याआधी सगळे विभाग रिकामे करून घासायचे असतात. मामा त्या दिवशी मामींना डोळ्याच्या डॉक्टरकडे घेऊन गेले होते. मलम विभागात मोठ्या भांड्यामागच्या कोनाड्यात एक झाकण लावलेलं पिंप होतं. मी झाकण उघडायला सांगितलं. आत मेण होतं. दीड दीड किलोची जाड प्लास्टिकमधली पुडकी, तोंडं सुतळीनं बांधलेली. प्रत्येक पुडक्यावर कागद चिकटवलेला आणि त्यावर निळ्या पेन्सिलीनं बॅचचा क्रमांक. अकरा.

इथे मला थांबून एक गोष्ट सांगायला हवी, म्हणजे मामांचा अपराध कमी करून सांगितला असं व्हायला नको. औषधाच्या कारखान्यात कार्डावरची सही ही फार मोठी गोष्ट असते. भांड्यात काय पडलं ते रोग्याला दिसत नाही, डॉक्टरला दिसत नाही. त्यांच्यापर्यंत फक्त विश्वास पोचतो आणि तो त्या कार्डावर उभा असतो. न केलेलं काम केलं म्हणून सही करणं हे खराब मलम बनवण्याहून वाईट. हे मी तेव्हा मानत होते, आजही मानते. मामांनी ते अकरा वेळा केलं होतं.

पण त्या दिवशी पिंपासमोर उभी असताना मला रोग्याची आठवण झाली नाही. या माणसानं मला अकरा वेळा मूर्ख बनवलं, एवढंच माझ्या मनात आलं. मामा दुसऱ्या दिवशी कामावर येणार होते. एक दिवस थांबून त्यांना विचारता आलं असतं. ज्यानं पुडक्यांवर क्रमांक घालून ठेवलेत त्याला ती कधीतरी कुणाला दाखवायची आहेत, हे कळायला एम.एस्सी. लागत नाही. मी थांबले नाही. दोन माणसांकडून पिंप उचलून सरळ साहेबांच्या खोलीत नेलं.

मामांना निलंबित केलं. चौकशी लावली. आरोप एकच: खोटी नोंद.

त्यांच्या जागी दुसरा कामगार आला. आज्ञाधारक होता. माझ्या चिठ्ठीप्रमाणे त्यानं पुढच्या तीन बॅचमध्ये खरोखरच मेण घातलं. सकाळचे आकडे मर्यादेच्या वरच्या टोकाला चिकटून आले. टोकाला असले तरी आतच होते, म्हणून मी पास केले.

महिनाभरानं घाटकोपरहून एक निवृत्त शिक्षक थेट कारखान्याच्या फाटकाशी आले. धोतर, काळी टोपी, हातात कापडी पिशवी. पहारेकऱ्यानं त्यांना माझ्याकडे पाठवलं. त्यांनी पिशवीतून एक ट्यूब आणि एक पक्कड काढून माझ्या टेबलावर ठेवली.

"तुम्ही स्वतः काढून दाखवा," म्हणाले. "मी कितवीत शिकवत होतो माहीत आहे? सातवीत. सातवीच्या मुलांनाही मी पक्कड देऊन निबंध लिहायला लावला नाही."

मी ट्यूब दाबली. तोंडातून काही आलं नाही. आणखी जोर लावला तर मागची घडी फुटून मलम माझ्या तळहातावर आलं, घट्ट, चकचकीत.

"हे मलम आहे का मेणबत्ती?" ते म्हणाले. मग आवाज उतरवून, "आमच्या हिच्या दोन्ही हातांना इसब आहे हो. बोटं वाकत नाहीत तिची. ती कशी दाबणार? मी शाळेतून... म्हणजे बाजारातून येईपर्यंत बसून राहते बिचारी."

मी त्यांची माफी मागितली, जुन्या बॅचची चार ट्यूब दिली. त्या मामांच्या होत्या. त्यांनी तिथेच एक उघडून बोटावर घेतली, कातडीवर फिरवली आणि म्हणाले, "हं. हे."

त्या दुपारी मी खाली जाऊन ताज्या बॅचचे दोन नमुने आणले. मेण न घातलेले. एक नेहमीसारखा ढवळला आणि आकडा घेतला: पातळ. दुसऱ्याला हात न लावता झाकून ठेवला. सकाळी त्याचा आकडा घेतला: मर्यादेच्या मध्यावर. मग त्याच नमुन्यात कांडी घालून मिनिटभर ढवळलं आणि पुन्हा चकती बुडवली. आकडा धाडकन खाली आला. मलम तेच, पेला तोच. संध्याकाळी मी मलम तपासत नव्हते. मी त्याची वीण मोडत होते आणि मग ती मोडली आहे असं प्रमाणपत्र देत होते. मामांनी हे मला जिना चढून येऊन सांगितलं होतं, त्यांच्या शब्दांत, आणि मी त्यांना नियम सांगितला होता.

चौकशीची तारीख आठ दिवसांवर होती.

त्या आठ दिवसांत मी काय केलं हे आठवायचा प्रयत्न करते तेव्हा काहीच आठवत नाही. रोज कामावर गेले, डबा खाल्ला, मुलीच्या शाळेच्या गणवेशाला बटणं लावली. साहेबांना सांगायला एकदा त्यांच्या दारापर्यंत गेले होते. ते फोनवर होते. परत आले.

चौकशी कँटीनमागच्या खोलीत झाली. बाहेरून आणलेले एक वकील चौकशी अधिकारी होते. मामा समोर बसले होते, इस्त्रीचा पांढरा सदरा घालून, शेजारी युनियनचा माणूस. मला विचारलं,

"हे पिंप कुठे सापडलं?"

"मलम विभागात. भांड्यामागे."

"पुडक्यांवरचे क्रमांक कोणाच्या हातचे?"

"सावंतांच्या."

"आणि कार्डावर 'मेण घातले' यासमोरची सही?"

"त्यांचीच."

वकील मामांकडे वळले. "साक्षीदाराला तुम्हाला काही विचारायचं आहे का?"

युनियनच्या माणसानं मामांना कोपरानं ढोसलं. "विचारा ना मामा! त्या अकरा बॅचमधली एक तरी परत आली का, ते विचारा. अहो, विचारा की!"

मामांनी माझ्याकडे बघितलं. बराच वेळ नाही, साधं, जिन्यात बघत तसं. मग म्हणाले, "नको. बाय खोटां सांगूची नाय."

आणि मी खोटं सांगितलं नव्हतंच. जे विचारलं त्याची खरी उत्तरं दिली होती. कांडीचं कुणी विचारलं नव्हतं. मी सही केली आणि बाहेर आले. पाणी प्यायले. कँटीनमध्ये त्या दिवशी वाटाण्याची उसळ होती, तीसुद्धा खाल्ली असावी.

मामांकडून राजीनामा घेतला. निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती. त्या तीन कडक बॅच गुपचूप परत मागवल्या आणि दोष मेणाच्या नव्या साठ्यावर गेला. पुढे तपासणीची पद्धत मी नव्यानं लिहून दिली. त्यात दोन ओळी वाढवल्या: नमुना बॅच तयार झाल्यावर दुसऱ्या दिवशी घ्यावा. नमुना ढवळू नये. साहेबांनी सही केली. का, असं त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. मनात म्हटलं, निदान मलम तरी नीट होईल. ते झालंही. पुढे कधी तक्रार आली नाही.

साधारण वर्षानं नाहूर स्टेशनाबाहेर भाजी घेताना मामा भेटले. वाळले होते. मला वाटलं, ओळख न दाखवता जातील. ते थांबले.

"बाय, बरी आसस ना?"

मी म्हटलं, "मामा, तुमच्या बॅच बरोबर होत्या."

"ता माका म्हायत आसा," ते म्हणाले, जरा हसले. "लोकांक खंय म्हायत?"

मग जे सांगितलं ते असं. भांडुपला त्यांच्या गावच्या मंडळाची एक खोली होती. पूजा, भजन, गावाला जायची तयारी, सगळं तिथून चाले. मामा भजनात पखवाज वाजवत. पंचवीस वर्षं त्यांचाच हात. आता त्यांना कुणी बोलावत नव्हतं. कंपनीतून काढलं, पिंपात मेण सापडलं, एवढंच त्या खोलीत पोचलं होतं आणि त्याची चोरी झाली होती.

"मेण चोरलान म्हणतत," मामा म्हणाले. "मेण चोरून मी काय करतलंय? देवळात मेणबत्त्यो लावतलंय? हसूक येता, पण पोरांसमोर बोलतत, तेवा हसूक येणा नाय." कोथिंबिरीची जुडी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "चतुर्थीच्या आधी मंडळाची सभा आसा. तू एक कागद दी माका. मेण घरी नेल्लां नाय, आणि बॅच बरोबर होत्यो. इतक्याच. तुझ्या सहीचो कागद कोण खोटो म्हणतलो?"

तोपर्यंत ते मला कायम तुम्ही म्हणत आले होते. त्या दिवशी तू म्हणाले. मला ते बरं वाटलं.

"देते मामा," मी म्हटलं. "आठ दिवसांत आणून देते."

पहिला मसुदा मी त्याच संध्याकाळी लिहिला. खरा लिहिला. नवऱ्याला दाखवला. ते वाईट माणूस नव्हते, सरळ बोलायचे. म्हणाले, "यावर सही करणार तू? उद्या त्यांनी हा कागद कोर्टात लावला तर तुला पहिला प्रश्न विचारतील, चौकशीच्या दिवशी हे माहीत होतं का? काय सांगशील?" मी कागद फाडला. दुसरा लिहिला, त्यात काहीच नव्हतं, तोही फाडला. त्या महिन्यात माझं नाव विभागप्रमुखाच्या जागेसाठी होतं. चतुर्थी आली, गणपती आले, गेले. दर आठवड्याला वाटायचं, आता इतका उशीर झालाच आहे तर नीट विचार करूनच लिहावं.

नवरात्रात लिहिला. चार ओळी, सुवाच्य अक्षरात, खाली सही. रविवारी सकाळी नाहूरला गेले. चाळ शोधायला वेळ लागला नाही. सावंतमामा म्हटल्यावर एका मुलीनं बोट दाखवलं आणि लगेच खाली केलं.

दारातून समोरच्या भिंतीवरचा फोटो दिसला. हार ताजा नव्हता, पण सुकूनही फार दिवस झाले नव्हते. मामी जमिनीवर बसून तांदूळ निवडत होत्या. मी कोण ते सांगितलं. त्यांनी मान डोलावली, जणू माझी वाट बघत होत्या.

"तीन आठवडे झाले," म्हणाल्या. "सकाळी चाय घेतल्यानी, आणि छातीत कळ इली म्हणाले. रिक्षा येयसर संपला." मग, "कागद हाडलस?"

म्हणजे मामांनी त्यांना सांगितलं होतं. मी पाकीट दिलं. त्यांनी ते उघडलं, कागद उलटसुलट बघितला आणि माझ्याकडे धरला. "तेंका वाचूक येय होता. माका येणा नाय. वाच."

मी वाचलं. "सावंत यांनी तयार केलेल्या अकरा बॅचच्या संदर्भात, प्रयोगशाळेत नमुन्याच्या हाताळणीत काही त्रुटी राहून गेल्याचे नंतर निदर्शनास आले. सदर बॅच गुणवत्तेच्या दृष्टीने योग्य होत्या. सदर मेण कारखान्याच्या आवारातच आढळले होते व ते बाहेर नेण्यात आलेले नव्हते."

मामी मान कलती करून ऐकत होत्या. "परत वाच," म्हणाल्या. मी परत वाचलं. बाहेर कुणीतरी नळाखाली हंडा लावला होता, त्याचा आवाज बदलत बदलत भरत आला.

"म्हंजे चूक झाली ती कोणाची?"

मी कागदाकडे बघितलं. त्यात शोधून सापडलं नसतं. मी तसाच तो लिहिला होता.

"माझी," मी म्हटलं.

मामींनी तांदळातला एक खडा उचलून बाजूला टाकला. माझ्या हातात कागद होता तो त्यांनी परत घेतला नाही, उलट त्याचं पाकीटही माझ्यापुढे सरकवलं.

"मगे तसां लिव," त्या म्हणाल्या.